मेज आपलं की उसनं

वन्सं, तुमच्या पिंडाला कावळा शिवला नाही. ही बातमी आपल्या कांचघर मोहल्लाभर झाली आहे, तेव्हा तुमच्या भाच्याच्या, प्रशांतच्या तोंडून तिखटमीठ लावून तुमच्यापर्यंत पोचण्याआधी ती माझ्याकडूनच ऐका. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला, तो पिंडाला टेकवला आणि आम्हाला मोकळं केलं. नर्मदेच्या ग्वारीघाटावरून परतताना गाडीत माझ्याशी कोणी धड बोललं नाही. सगळ्यांचं मत एकच पडलं, की काकूंनी, म्हणजे मी, एक वाक्य बोलून टाकायला हवं होतं. एवढ्याशा वाक्यानं त्यांचं काय जात होतं? काय जात होतं ते मी तुम्हाला सांगणार आहे, पण माझ्या पद्धतीनं, म्हणजे आधी भरपूर पाल्हाळ लावून. तुम्ही मध्येच "मुद्द्यावर ये" म्हणणार नाही आता, याचा फायदा घेते.

घरात आता मी आहे आणि मेज आहे. अनघा पुण्याहून आली होती ती काल परत गेली. लेक असली तरी तिला नोकरी आहे, मुलांच्या परीक्षा आहेत, ती किती दिवस माझ्यापाशी बसणार? जाताना माझं पुढच्या आठवड्याचं तिकीट काढून गेली. "आई, आता इथे कोण आहे तुझं?" असं ती म्हणाली, आणि मी उत्तर शोधेपर्यंत तिची रिक्षा आली. सकाळपासून मी दूधवाल्याशी, भाजीवालीशी आणि गॅसच्या माणसाशी बोलले, सगळं हिंदीत. मराठीतला माझा आजचा पहिला शब्द हा तुमच्याशीच आहे, वन्सं. तोही तोंडातून बाहेर पडलेला नाही, मनातल्या मनात आहे.

मी अमरावतीहून लग्न होऊन या घरात आले, तो दिवस तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त आठवायचा. तुमचे पूर्वज मराठ्यांच्या चाकरीत इथे आले आणि नर्मदेकाठचेच होऊन गेले. आमच्याकडच्या मंडळींना तुमची मराठी पुस्तकी वाटली आणि तुमच्याकडच्यांना आमची रांगडी. लग्नात तुमच्या भावानं ताटातल्या तांदळांवर अंगठीनं 'मेधा' लिहिलं आणि सगळ्यांना पेढे वाटले. संध्याकाळी तुम्ही स्वयंपाकघरात आलात, माझ्या हातातलं भांडं काढून घेतलंत आणि विचारलंत, "ते मेधा-बिधा राहू दे. घरी तुला काय म्हणत होते?"

"शकू."

"मग शकूच," म्हणालात, आणि पुन्हा कधी दुसऱ्या नावानं हाक मारली नाहीत. तुमचा भाऊसुद्धा मला मेधा म्हणायचा. मुलीच्या शाळेत मी मेधा, टेलिफोन खात्यात नोकरीला लागले तिथे मेधा, रेशनकार्डावर मेधा. शकू फक्त तुमच्यापुरती. हे नाव आता या शहरात कोणालाच माहीत नाही. हे मला दहाव्याच्या आदल्या दिवशी, तुमच्या फोटोला हार आणायला गेले असताना एकदम कळलं, आणि मी फुलवाल्यासमोर रडले. तो म्हणाला, "अम्मा जी, बैठ जाइए." बसले.

पण मेजाकडे येते. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी विचारलं होतं, "ताट टेबलवर ठेवू का?" आणि तुम्ही हिंदीच्या मास्तरीणबाई, मुलींच्या शाळेत भल्याभल्यांना घाम फोडणाऱ्या, चष्म्यावरून बघत म्हणालात, "आमच्या घरी याला मेज म्हणतात. ते मेज. बाहेर सगळे मेज रखी है म्हणतील, तू रखी म्हणू नकोस." नवी नवरी मी, मुकाट मान डोलावली. तुम्हाला वाटलं असेल, मुलगी गरीब आहे. पुढे चार-सहा महिन्यांनी मी तुम्हाला सांगितलं की तुमचं हे मेज मुळात पोर्तुगीज आहे, जहाजातून आलं, चावी आणि बटाट्याच्या बरोबरीनं. तेव्हा तुमचा गैरसमज दूर झाला.

वाद तिथून सुरू झाला आणि तुम्ही गेलात तरी संपला नाही. तुम्ही म्हणालात, जहाज-बिहाज काही नाही. मेज फारसीतलं आहे, खुष्कीच्या मार्गानं बुऱ्हाणपुरावरून दफ्तरांबरोबर आलं. मी म्हटलं, पोर्तुगीजांत मेसा आहे. तुम्ही म्हणालात, फारसीत मेज आहे, सरळ मेज, मग एवढा समुद्राचा वळसा कशाला? आणि मग तुम्ही तुमचा ठेवणीतला पत्ता टाकलात. "मेजवानी कुठून आली, शकू? मेजबान कुठून आला? यजमानाला फारसीत मेजबान म्हणतात, मेजाचा धनी. की तुझे पोर्तुगीज आपल्याला मेजवानीही देऊन गेले?" त्या दिवशी मी हरल्यासारखी झाले होते. मग मी म्हटलं, मेजवानी आली असेल जमिनीवरून, मेज आलं पाण्यावरून, आणि दोघांची गाठ इथे पडली. तुम्ही हसलात. "असं लग्न जुळवणारी तूच," म्हणालात.

तुमची काम करण्याची एक रीत होती. आधी माणूस, मग कोश. कोश उघडायचा तर आधी ती भाषा बोलणारं एखादं माणूस धरून आणायचं आणि त्याच्या तोंडून शब्द ऐकायचा. जबलपुरात त्याला तोटा नव्हता. कारखान्यांत नोकरीला आलेले मल्याळी, तेलुगू, बंगाली, छावणीतले तऱ्हेतऱ्हेचे लोक. आपल्या गल्लीतल्या मल्याळी नर्सबाईंना तुम्ही चहाला बोलावलंत, मेजावर हात आपटलात आणि विचारलंत, "इसको क्या बोलते हो?" त्या बिचाऱ्या घाबरून म्हणाल्या, "मेश." तुम्ही लहान मुलासारख्या टाळ्या पिटल्यात. कन्नड बोलणारा एक सुभेदार भेटला, तो मेजु म्हणाला, कन्नड लोकांनी आपल्या सवयीप्रमाणे शेवटी उकार जोडून घेतला होता. मद्रासच्या बाजूचे एक तिकीट तपासनीस मेसै म्हणाले. मग मलायातल्या मेजाची बातमी आली. तिथे एकाहून जास्त मेजं असली तर मेजा-मेजा असं दोनदा म्हणतात. आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मेझा एक असो की पन्नास, मेझाच. तुम्हाला हे फार आवडलं. "बघ, प्रत्येकानं आपापले कपडे घातले त्याला," म्हणालात.

नर्सबाईंच्या मेशच्या वेळी मी तुम्हाला टोचलं होतं, की त्यांच्या किनाऱ्यावर तर जहाजंच येत होती, वन्सं. तुम्ही ऐकू न आल्यासारखं केलंत. कमी ऐकू येणं तुम्हाला फार सोयीचं होतं.

पण खरा वाद रस्त्याचा नव्हताच. खरा वाद निघाला तो 'उसना' या शब्दावरून. मी सहज म्हटलं, शेवटी मेज हा उसना शब्द. तुम्ही एकदम भडकलात. "उसनं म्हणजे परत करायचं. वाटीभर साखर उसनी आणतात, परत देतात. मेज कोणी कोणाला परत केलंय? आपण मेजावर म्हणतो, मेजाखाली म्हणतो. ज्या दिवशी त्याला आपला प्रत्यय लागला, आपल्या घरचं लिंग लागलं, त्या दिवशी ते आपलं झालं. पोर्तुगीजांकडे ती, हिंदीत ती, फारसीत ती नाही अन् तोही नाही. ते फक्त आपल्याकडे. मग कोणाचं?"

मी म्हटलं, "प्रत्यय लावला म्हणून माहेर बदलत नाही, वन्सं."

हे मी मेजाबद्दल बोलत होते का? तुम्हाला ठाऊक होतं आणि मलाही. मग तुम्ही मेजावर थाप मारलीत. हे मेज तुमच्या वडिलांनी सिविल लाइंसमधल्या कुठल्याशा बंगल्याच्या लिलावातून आणलं, अख्खं सागवानी, आणि ओसरीत ठेवलं. पुढे ओसरी चारी बाजूंनी बांधून खोली केली, दार अरुंद ठेवलं, आणि मेज आतच राहिलं. भिंत फोडल्याशिवाय ते आता बाहेर निघत नाही. "बघ," तुम्ही म्हणालात, "पाहुणं असतं तर निघालं असतं. बसलंय ते. घरचं झालंय."

"बसलंय कुठलं? अडकलंय," मी म्हटलं. "बसणं आणि अडकणं यात फरक असतो."

तुम्ही चहाचा कप तसाच धरून माझ्याकडे बघत राहिलात. त्यानंतर कित्येक वर्षं दर काही दिवसांनी तुम्ही नवं उत्तर घेऊन यायचात, कधी भाजी निवडताना, कधी आंघोळीहून येता येता. पण त्या दिवशीचा तुमचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. मी मेजाबद्दल बोलत नव्हते, हे तुम्हाला लागलं होतं.

आणि एक गोष्ट मी कधी बोलले नाही. प्रत्यय लागला की शब्द त्या घरचा होतो, हे तुमचं ठाम मत. मग मला लागलेलं मेधा हे नाव तुम्ही आयुष्यभर का मानलं नाहीत? शकू कशाला राखलीत? हा हुकमाचा एक्का मी एवढी वर्षं हातात धरून बसले होते. टाकला असता तर तुम्ही चीत झाला असतात. पण मग तुम्ही मला मेधा म्हणायला लागला असतात, तुमचा काही नेम नव्हता. म्हणून नाही टाकला.

यांना जाऊन बरीच वर्षं झाली. तेव्हा अमरावतीहून माझा भाऊ आला होता मला न्यायला. आठवतं? तो याच मेजाशी बसला होता. "ताई, इथं काहून राहतं तू? चाल आपल्या घरी." तुम्ही दुसऱ्या टोकाला तांदूळ निवडत होतात. मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही राहा म्हणाला असतात तर मी राहिले असते, आणि जा म्हणाला असतात तर कदाचित चिडून राहिले असते. तुम्ही म्हणालात, "तिचं तिनं ठरवावं," आणि खडा काढून बाजूला ठेवलात. भाऊ गेला, मी राहिले. का राहिले, हे तुम्ही कधी विचारलं नाहीत. मीही सांगितलं नाही. अनघाची शाळा, माझी नोकरी, असं काहीतरी नातेवाइकांना सांगत होते. खरं सांगायचं तर, वन्सं, भावाच्या घरी माझ्याशी भांडायला कोणी नव्हतं.

त्यानंतरचा आपला नियम. मेजाशी बसलं की फक्त मराठी, आणि जिच्या तोंडून हिंदी निसटेल तिनं उठून चहा करायचा. बाहेर दिवसभर हिंदी, शाळेत हिंदी, टेलिफोनवर हिंदी, तेव्हा घरी जिभेला वळण राहावं म्हणून तुम्ही हे काढलंत. 'अच्छा' निसटला की तुम्ही "पकडली!" म्हणून ओरडायचात, शेजारी दचकायचे. माझे गुडघे दुखायला लागल्यापासून मात्र तुम्ही वारंवार पकडल्या जायला लागलात. "चलो, आता बस झालं," म्हणायचात आणि स्वतःच जीभ चावून उठायचात. आयुष्यभर मुलींना भाषा शिकवलेल्या बाईच्या तोंडून दिवसातून चारदा चलो निसटतो, हे मला पटलं असं वाटलं तुम्हाला? मी कप पुढे ओढायचे. चहा तुम्ही चांगला करायचात.

आता मी दिवसभर हिंदी बोलते आणि पकडायला कोणी नाही.

गेल्या वर्षी मी पुण्याला महिनाभर राहून आले, ते तुम्हाला पुरतं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही जिंकल्यासारखा चेहरा केला असतात. मला वाटलं होतं, तिथे सगळीकडे मराठी असेल, जीव सुखावेल. पाट्या मराठीत, रिक्षावाला मराठीत, लिफ्टमधल्या बायका मराठीत. पहिल्या दिवशी भाजीवाल्याला मी म्हटलं, "भैया, कांदे कसे देऊन राहिले?" त्यानं वर बघितलं आणि मला हिंदीत उत्तर दिलं. सोसायटीतल्या एक बाई हसून म्हणाल्या, "तुम्ही मूळच्या कुठल्या हो? तुमची भाषा गोड वाटते." गोड! पाहुण्याच्या भाषेला गोड म्हणतात. जबलपुरात शेजारीण विचारते, "आप लोग महाराष्ट्र के हैं ना?" आणि महाराष्ट्रात विचारतात, तुम्ही मूळच्या कुठल्या. रोज दुपारी मी अनघाच्या काचेच्या टेबलाशी बसायचे आणि मला तुमच्याशी भांडावंसं वाटायचं. तुम्हाला फोन करून मी हवापाण्याचं विचारायचे. तुम्हीही हवापाण्याचंच सांगायचात. आपण दोघी काय बायका होतो!

शेवटच्या संध्याकाळी मी तुम्हाला सांगितलं, की अनघा म्हणते आता दोघींनी पुण्याला या. तुमचा दम वाढला होता, डॉक्टर जिना चढू नका म्हणत होते, आणि तिथे लिफ्ट होती. तुम्ही मेजाच्या कडेवरून बोट फिरवत राहिलात.

"तू जा," म्हणालात.

"आणि तुम्ही?"

"मला भिंत फोडून काढावं लागेल."

"मी विचारून राहिले तर नीट सांगा ना, वन्सं."

"नीटच सांगितलं. तू म्हणतेस ना, शब्द जिथून येतो तिथला. मग जा की आपल्या मुलखात. मी काहून अडवू?" तुम्ही कधी काहून म्हणत नव्हतात. तो माझा शब्द. माझी नक्कल करायची असली की वापरायचात, पण त्या संध्याकाळी तुम्ही नक्कल करत नव्हतात. मग म्हणालात, "पण एकदा तरी कबूल कर, शकू. मेज आपलं आहे."

"उसनं आहे," मी म्हटलं.

"उद्या बघते तुला," म्हणालात आणि झोपायला गेलात. सकाळी मी चहाला हाक मारली, तुम्ही उठला नाहीत. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेल्या, त्रास झाला नाही. तुम्हाला नसेल झाला.

तर दहावा. प्रशांतनं सगळं केलं, चुलतभावाचा मुलगा असून स्वतःच्या आईचं करावं तसं केलं, हे मान्य करायला हवं. वारा होता, नर्मदेचं पाणी शांत होतं, दिवे-फुलं विकणाऱ्या बायका पायऱ्यांवर गप्पा मारत होत्या. पिंड ठेवले आणि आम्ही मागे सरलो. कावळे होते, वन्सं, झाडावर चांगले पाच-सहा बसले होते. एकही खाली येईना. मग ठरल्याप्रमाणे एकेक जण मनातली राहिलेली इच्छा ओळखून वचन द्यायला लागला. प्रशांत हात जोडून म्हणाला, "आत्या, घराची फिकीर करू नको. मी देखभाल करीन." कावळा हलला नाही. अनघा म्हणाली, "आत्या, मी आईला सांभाळीन." एक कावळा उडाला आणि दुसऱ्या झाडावर जाऊन बसला. कोणीतरी तुमच्या पुस्तकांचं बोललं. ऊन चढायला लागलं. गुरुजी घड्याळाकडे बघायला लागले, त्यांना पुढे आणखी एकांचं होतं.

मग प्रशांत माझ्याजवळ आला. "काकू, तुम्हीच बोला न आता. आत्याचं काय राहिलं ते तुम्हालाच मालूम."

"काही राहिलं नाही."

"असं कसं? वो मेजवाला झगडा. आम्ही लहानपणापासून ऐकून राहिलो. बोलून द्या न, की आत्या, तू जीतली, मेज आपलं आहे. एक सेकंदाचं काम."

अनघानं माझा हात धरला. "आई, म्हण ना. काय फरक पडतो?"

सगळे माझ्याकडे बघत होते. झाडावरचे कावळेसुद्धा माझ्याकडेच बघत होते असं मला वाटलं. तोंड उघडलं आणि वाक्य घशाशी आलं. मेज आपलं आहे. एवढंच. मी तोंड मिटून घेतलं.

"काहून अशा करून राहिल्या काकू?" प्रशांत रडकुंडीला आला. "जिद्दीची पण हद असते."

गुरुजींनी दर्भ हातात घेतला.

सगळ्यांना वाटलं, म्हातारी हट्टी आहे, मेल्यावरही नणंदेला जिंकू देत नाही. अनघाला वाटलं, पुण्याला जायचं म्हणून मी ते बोलले नाही. मेज आपलं म्हटलं असतं तर बसणं कबूल केल्यासारखं झालं असतं, मग जायचं कसं? तिचं अर्धं बरोबर होतं. त्यात मला आनंद झाला नाही, पण मुलगी हुशार आहे.

उरलेलं अर्धं तुम्हाला सांगते. मला भीती वाटली, वन्सं. मी ते वाक्य बोलले आणि कावळा खाली आला, तर? मग तुम्ही खरंच सुटला असतात. तुमचं काही राहिलं नसतं, आपला वाद मिटला असता, आणि मी घरी येऊन या मेजाशी बसून कोणाशी भांडले असते? भांडण शिल्लक आहे तोवर तुम्ही उद्या येणार आहात, असं मला वाटत होतं. तुम्ही म्हणाला होतात ना, उद्या बघते तुला. मी तुम्हाला अडकवून ठेवलं. बसणं आणि अडकणं यातला फरक मीच शिकवला होता तुम्हाला, आणि घाटावर मीच तो विसरले.

काल अनघा गेल्यावर मी दुपारभर तुमच्या जागेवर बसले, माझ्या नाही. तिथून खोली वेगळी दिसते. तिथून माझी खुर्ची दिसते, आणि मागे अंगणाचं दार. म्हणजे एवढी वर्षं तुमच्यासमोर मी होते आणि माझ्या पाठीमागे सताड उघडं दार होतं. मेज निघत नाही त्या दारातून. माणूस निघतं. भाऊ आला तेव्हा निघता आलं असतं, यांच्यानंतर कधीही निघता आलं असतं, पेन्शन माझ्या नावावर होती. मी निघाले नाही. अडकलेल्या माणसाला दार नसतं. मला होतं, आणि त्याकडे पाठ करून मी रोज चहा पीत तुमच्याशी भांडत बसले.

काल रात्री अनघाला फोन केला. "तिकीट परत कर," म्हटलं. ती चिडली, मग रडली, मग म्हणाली, "एकटी काय करणार आहेस तिथे?" मी म्हटलं, "मला माहीत नाही. पण तुम्ही सुट्टीत इथे या. मेज मोठं आहे." ती म्हणाली, "ती मेज, ती मेज, किती वर्षं ती मेज!" मी म्हटलं, "ते." तिकडे ती रडता रडता हसली. तुम्हाला हे ऐकायला आवडलं असतं.

मला इथे भीती वाटत नाही असं नाही. संध्याकाळ झाली की घर फार मोठं होतं. शकू म्हणून हाक येणार नाही, पकडली म्हणून कोणी ओरडणार नाही. पुण्याला गेले असते तरी हे चुकलं नसतं, फक्त लिफ्ट असती. तुम्ही मला इतकं दिलंत आणि मी तुम्हाला एक होकार दिला नाही. मेजबान म्हणजे मेजाचा धनी, असं तुम्ही शिकवलंत. तो आता मी आहे, आणि पंगतीला कोणी नाही.

आत्ता दुपार आहे. दहीभात कालवला. हातात घेऊन अंगणात गेले, भिंतीवर पान मांडलं. समोरच्या विजेच्या तारेवर एक कावळा होता, घाटावरचाच की दुसरा, मला काय कळणार? मी सवयीनं म्हटलं, "आ जा भैया, खा ले." मग स्वतःलाच पकडलं, आणि पदर नीट करून मोठ्यानं, शेजारणीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हटलं, "वन्सं, मेज आपलं आहे. मी इथेच आहे. तुम्ही जा."

मग मी आत आले आणि अंगणाचं दार लावून घेतलं. तो खाली आला का, ते मला बघायचं नव्हतं.